सूक्ष्मसेवा व त्यांचे रचना-नमुने

आपल्या शाळेच्या गेल्या वर्षींच्या आनंदबाजारास जे वाचक उपस्थित होते, त्यांस दुपारचा तो घोटाळा आठवत असेलच. आठवत नसल्यास फारच बरें. परंतु आम्हांस तो विसरतां येणें शक्य नाहीं, कारण त्यास सर्वस्वीं आम्हीच जबाबदार होतों. आमच्या संगणक-मंडळानें मोठ्या हौसेनें एक प्रोग्राम तयार केला होता. कुपनांची विक्री, खाद्यपदार्थांच्या दुकानांचा हिशेब, खेळांचें गुणपत्रक आणि चित्रप्रदर्शनांतील छायाचित्रें, अशीं चारहि कामें तो एकच प्रोग्राम एकाच संगणकावर व एकाच माहितीकोशाच्या साहाय्यानें करीत असे. सकाळीं सर्व सुरळीत चाललें. दुपारीं पालक मंडळी आली, आणि प्रत्येकानें आपल्या मोबाइलवर आपल्या पाल्याचें चित्र उघडलें. त्या चित्रांच्या भाराखालीं प्रोग्राम गुदमरला, आणि त्याबरोबर वडापावाच्या दुकानाची खिडकीहि बंद पडली. वस्तुतः चित्रकलेचा आणि वडापावाचा संबंध काय ? परंतु तो आम्हींच अजाणतां जोडून ठेवला होता.

एवढ्यावरच भागलें असतें तर आम्ही हा लेख लिहावयास बसलों नसतों. इयत्ता पांचवींतील एका मुलाच्या खात्यावर पन्नास रुपये जमा होते. त्यानें वीस रुपयांचा पदार्थ मागितला. खात्यांतून वीस रुपये वजा झाले, परंतु दुकानाच्या पडद्यावर 'मिळाले' हा शब्द कांहीं उमटेना. दुकानावर बसलेल्या विद्यार्थ्यानें पुन्हा कळ दाबली. आणखी वीस गेले. पदार्थ मात्र हातीं आलाच नाहीं. "तुमच्या यंत्रानें माझे पैसे खाल्ले," असें म्हणून तो मुलगा रडूं लागला. सायंकाळीं हिशेब जुळवून आम्हीं त्याचे चाळीस रुपये परत केले खरे. परंतु तोंवर आनंदबाजार उठला होता, आणि त्याचा आनंद आम्हांस परत करतां येण्याजोगा नव्हता.

'असें कां झालें ?' या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करीत आम्हीं वर्षभर जें वाचलें व आपसांत चर्चा करून समजून घेतलें, तें वाचकांपुढें मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. विषयाचें नांव मोठें आहे : 'मायक्रोसर्व्हिसेस', म्हणजे सूक्ष्मसेवा, आणि त्यांच्या रचनेचे नमुने. परंतु नांवास भिण्याचें कारण नाहीं. यांतील बहुतेक विचार आपल्या आजूबाजूस, खाडीच्या कांठीं आणि बाजाराच्या वहींत, पूर्वींपासून नांदत आहेत.

प्रथम 'नमुना' म्हणजे काय तें पाहूं. आपल्या उत्तन-डोंगरीकडील एखादें जुनें घर डोळ्यांपुढें आणावें. पुढें ओटी, वर उतरतें कौलारू छप्पर, बाजूस पडवी. हें घर बांधणाऱ्यानें कोणत्याहि ग्रंथांत पाहून तें बांधलें नव्हतें. पाऊस जोराचा, म्हणून छप्पर उतरतें. भिंतींस झड लागूं नये, म्हणून वळचण पुढें काढलेली. तीच अडचण वारंवार आली, तिच्यावर तोच उपाय वारंवार लागू पडला, आणि त्या उपायास लोकांनीं नांव दिलें. अडचण, परिस्थिति व उपाय या तिहींची जी नांव असलेली जोडी, तिला नमुना म्हणावें. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यांसह 1977 सालीं 'अ पॅटर्न लँग्वेज' हा ग्रंथ प्रसिद्ध करून अशा 253 नमुन्यांची संगतवार मांडणी केली. पुढें 1994 सालीं गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस या चौघांनीं हाच विचार प्रोग्रामच्या रचनेस लावून 23 नमुन्यांचें एक पुस्तक लिहिलें, आणि तेव्हांपासून 'डिझाइन पॅटर्न' हा शब्द संगणकशास्त्रांत रूढ झाला.

या अलेक्झांडर यांच्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. 1964 सालच्या आपल्या एका ग्रंथाच्या अखेरीस त्यांनीं जें विस्तृत उदाहरण सोडवून दाखविलें आहे, तें हिंदुस्थानांतील एका खेड्याचें आहे. त्या खेड्याच्या 141 गरजा त्यांनीं मांडल्या. कोणत्या गरजेचा कोणत्या गरजेशीं संबंध येतो हें ठरविलें. आणि ज्यांचे परस्परसंबंध दाट, त्या एका गटांत, व ज्यांचे विरळ, त्या निरनिराळ्या गटांत, अशी वांटणी केली. आंत घट्ट व बाहेर सैल, हें जें त्यांनीं खेड्याकरितां सांगितलें, तेंच सूक्ष्मसेवांच्या विद्येचें पहिलें सूत्र होय.

आतां सूक्ष्मसेवेकडे वळूं. आमच्या आनंदबाजाराच्या प्रोग्रामसारखा, सर्व कामें एकाच पोटांत घेऊन चालणारा जो प्रोग्राम, त्यास एकसंध प्रोग्राम म्हणतात. याउलट प्रत्येक कामास स्वतंत्र लहान प्रोग्राम असावा, तो स्वतःच्या पायांवर उभा असावा, स्वतंत्रपणें बदलतां यावा, आणि एकमेकांशीं त्यांनीं केवळ निरोपांच्या द्वारें बोलावें, या पद्धतीस मायक्रोसर्व्हिसेस हें नांव आहे. जेम्स लुइस व मार्टिन फाउलर यांच्या 2014 सालच्या लेखामुळें हें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु गरज त्यापूर्वींच उत्पन्न झाली होती. अमेरिकेंतील नेटफ्लिक्स ही संस्था त्या काळीं टपालानें चित्रपटांच्या तबकड्या पाठवीत असे. 2008 सालच्या ऑगस्टमध्यें तिचा माहितीकोश बिघडला आणि तीन दिवस एकहि तबकडी रवाना होऊं शकली नाहीं. या धड्यानंतर तिनें आपलें सर्व कार्य लहान लहान सेवांत विभागून दुसऱ्या जागीं नेण्यास आरंभ केला, आणि तें काम 2016 च्या जानेवारींत पुरें झालें. सात वर्षें लागलीं, हें वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

विभागणी करावयाची, पण ती कोठें ? हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. डेव्हिड पार्नास यांनीं 1972 सालींच असें दाखविलें होतें कीं, कामाच्या क्रमानुसार तुकडे पाडण्यापेक्षां, ज्या गोष्टी पुढें बदलण्याचा संभव आहे त्यांपैकीं एकेक गोष्ट एकेका तुकड्याच्या पोटांत झांकून ठेवावी. मेल्विन कॉन्वे यांनीं 1968 सालीं दुसरें एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें : जी मंडळी एखादी रचना करतात, त्यांच्या आपसांतील बोलण्याचालण्याची जी घडण, तीच त्या रचनेंत उतरते. आमचा अनुभवहि तसाच. आम्ही चौघे एकाच बाकावर बसून, एकमेकांच्या वहींत डोकावून काम करीत होतों. आमचा प्रोग्रामहि तसाच एकमेकांत गुंतलेला निघाला.

विभागणीनंतरचा पहिला नमुना असा कीं, प्रत्येक सेवेची नोंदवही स्वतंत्र असावी. मिरा-भाईंदर येथें 2002 सालीं महानगरपालिका झाली. अशा कोणत्याहि महानगरपालिकेंत पाणी, घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद हीं खातीं निरनिराळीं असतात. घरपट्टीच्या कारकुनास एखाद्या जन्माची तारीख पाहिजे असेल, तर त्यानें दुसऱ्या खात्याचें कपाट उघडून वही चाळूं नये; त्या खात्याकडे रीतसर विचारणा करावी. कां बरें ? कारण एकदां का परक्या माणसास आपल्या वहींतील रकाने पाठ झाले, कीं आपल्या वहीचा रकाना बदलण्याचें स्वातंत्र्य आपण गमावलें. दहा सेवा एकाच माहितीकोशांत हात घालूं लागल्या, तर त्या वरून दहा दिसल्या तरी आंतून एकच असतात.

परंतु वह्या निराळ्या झाल्या कीं एक नवीच आपत्ति उभी राहते. एका व्यवहाराचा अर्धा भाग एका वहींत पडला आणि उरलेला अर्धा दुसरींत पडलाच नाहीं, तर काय करावें ? पांचवींतील त्या मुलाचें दुःख हेंच होय. या आपत्तीचें सर्वांस परिचित असलेलें उदाहरण म्हणजे आपली यूपीआय पद्धति. मुंबईंतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेनें तिची घडण केली, आणि 11 एप्रिल 2016 रोजीं, रघुराम राजन हे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असतां, 21 बँकांसह तिचा प्रायोगिक आरंभ झाला. येथें बोलावयाच्या सेवा एका संस्थेच्या घरांतल्या नसून निरनिराळ्या बँकांच्या आहेत, म्हणून तिला शब्दशः सूक्ष्मसेवा म्हणतां येणार नाहीं. परंतु अडचण तीच आहे, आणि ती मोठ्या अक्षरांत लिहिलेली असल्यामुळें वाचावयास सोपी आहे.

भाईंदर स्थानकाबाहेर आपण भाजीवालीस साठ रुपये पाठविले. आपल्या बँकेनें आपल्या खात्यांतून साठ रुपये वजा केले. आतां तिच्या बँकेनें साठ रुपये जमा करावयाचे. नेमक्या त्याच क्षणीं तिच्या बँकेचा संगणक मुका झाला. दोन्ही बँकांच्या वह्या एकाच कुलुपाखालीं नाहींत. तेव्हां 'दोन्ही नोंदी होतील, नाहीं तर एकहि होणार नाहीं' अशी एकदम ग्वाही कोणी देऊं शकत नाहीं. दोहोंनाहि कुलूप घालून एकमेकांची वाट पाहावयास लावावें, तर एकजण मुका होतांच दुसऱ्याचेंहि काम खोळंबतें. यावरचा उपाय हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलम यांनीं 1987 सालीं एका निबंधांत मांडला व त्यास 'सागा' असें नांव दिलें. लांबलचक व्यवहाराचे लहान लहान टप्पे पाडावे. प्रत्येक टप्पा आपापल्या वहींत पुरा करावा. आणि प्रत्येक टप्प्यासाठीं त्याची भरपाई करणारा एक उलट टप्पा आधींच ठरवून ठेवावा. पुढचा टप्पा फसला, तर मागचे टप्पे उलट्या क्रमानें भरून काढीत यावें.

आपल्याकडील जुने मुनीम हें तत्त्व जाणून होते. रोजकीर्दींत चूक झाली तर ते खाडाखोड करीत नसत. उलट नोंद करीत. भरपाई म्हणजे पुसून टाकणें नव्हे. खात्याच्या उताऱ्यांत गेलेले साठ व परत आलेले साठ, दोन्ही दिसतात, आणि तें तसेंच दिसलें पाहिजे. रिझर्व्ह बँकेनें 20 सप्टेंबर 2019 रोजीं काढलेल्या परिपत्रकांत या भरपाईस मुदतहि घालून दिली : यूपीआयनें पैसे पाठवितांना ते एका खात्यांतून वजा होऊन दुसऱ्यांत जमा होऊं शकले नाहींत, तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत गेले पाहिजेत, दुकानदारास पैसे देतांना खात्री न मिळाल्यास ही मुदत पांच दिवसांची, आणि त्यापुढें विलंब झाल्यास ग्राहकास दररोज शंभर रुपये द्यावयाचे. तात्पर्य, भरपाई हा केवळ संगणकाचा नमुना राहिला नाहीं. तो ग्राहकाचा हक्क झाला. मात्र एक गोष्ट विसरूं नये. कांहीं टप्पे परत फिरवितांच येत नाहींत. खाल्लेला वडापाव कोण परत घेईल ? म्हणून जें परत फिरवितां येत नाहीं, तें नेहमीं शेवटीं करावें.

दुसरी चूक आमची अधिक लाजिरवाणी होती. कळ दोनदां दाबली म्हणून पैसे दोनदां कां जावे ? मिरा रोडच्या कोणत्याहि उंच इमारतींतील लिफ्टची कळ आपण अधीरपणें पांच वेळां दाबतों. म्हणून पांच लिफ्ट येत नाहींत. एकदां केलें काय आणि दहादां केलें काय, परिणाम एकच, हा गुण सेवेच्या अंगीं मुद्दाम बाणवावा लागतो. त्याची युक्ति अशी : प्रत्येक मागणीस मागणारानेंच एक क्रमांक द्यावा, आणि तीच मागणी पुन्हा करतांना तोच क्रमांक लावावा. सेवेनें प्रथम आपल्या वहींत पाहावें. तो क्रमांक आढळला, तर काम पुन्हा न करतां पूर्वींचेंच उत्तर द्यावें. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहारास 12 अंकी संदर्भ-क्रमांक असतो, तो आपण आपल्या मोबाइलवर पाहिलाच असेल. आमच्या प्रोग्रामांत असा क्रमांक नव्हता. त्या एका क्रमांकाच्या अभावीं एका मुलाचे वीस रुपये व्यर्थ गेले.

आतां जी सेवा आजारी पडली आहे तिच्याशीं कसें वागावें, याचे दोन नमुने सांगतों. मायकेल नायगार्ड यांनीं आपल्या 2007 सालच्या ग्रंथांतून ते लोकप्रिय केले. पहिल्याचें नांव 'सर्किट ब्रेकर'. घरांतील विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं भिंतीवरील खटका आपोआप पडतो व घर वांचतें, तसाच हा. एखादी सेवा वारंवार उत्तर देईनाशी झाली, तर तिला विचारणें कांहीं काळ थांबवावें, आणि विचारणारास ताबडतोब 'सध्यां होणार नाहीं' असें सांगावें. थोड्या वेळानें एखादीच मागणी चांचणीदाखल पाठवावी; ती यशस्वी झाली तर खटका वर करावा, नाहीं तर पुन्हा थांबावें. वरवर हें निर्दयपणाचें वाटतें. परंतु आजारी माणसाच्या दारांत शंभर जणांनीं उभें राहून हांका मारल्यानें तो बरा होत नाहीं. आणि जे वाट पाहत तिष्ठतात, त्यांचीहि कामें अडतात. त्वरित मिळालेला नकार हा पुष्कळदां लांबलेल्या मौनापेक्षां दयाळूपणाचा असतो.

दुसऱ्या नमुन्यास 'बल्कहेड' म्हणतात. जहाजाच्या पोटांतील ज्या आडव्या भिंती एका कप्प्यांतलें पाणी दुसऱ्यांत जाऊं देत नाहींत, त्यांचें हें नांव आहे. परंतु आम्हां भाईंदरकरांस जहाजापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. मिठागरें पुरेशीं आहेत. उधाणाच्या भरतीस खाडीचें पाणी आंत घेतात. तें एका उथळ वाफ्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत क्रमाक्रमानें सोडतात. उन्हानें तें दाट होत जातें आणि अखेरच्या वाफ्यांत मीठ धरतें. प्रत्येक दोन वाफ्यांमध्यें मातीचा बांध असतो. कोणी म्हणेल, हे बांध घालण्यांत जमीन व श्रम व्यर्थ जातात. सगळें मिळून एकच मोठें तळें कां करूं नये? तर एके ठिकाणीं बांध फुटला किंवा गोडें पाणी शिरलें, तर नुकसान त्या वाफ्यापुरतें राहावें म्हणून. संगणकांतहि स्मरणशक्ति, जोडण्या व कामकरी धागे यांचे असेच वाफे पाडून ठेवावे, म्हणजे चित्रांची गर्दी वडापावाच्या वाफ्यांत शिरणार नाहीं. मात्र बांध पुरेसा उंच पाहिजे. 1912 सालीं बुडालेल्या टायटॅनिक जहाजास आडव्या भिंती होत्याच; परंतु त्या पुरेशा उंच नेलेल्या नव्हत्या, आणि नाळेचा भाग खालीं जातांच पाणी एका भिंतीवरून पुढच्या कप्प्यांत ओसंडत गेलें. अर्धा बांध हा बांध नव्हे.

जुना एकसंध प्रोग्राम मोडून नवा करावयाचा झाल्यास काय करावें ? एका रात्रींत सारें पाडून नवें उभारण्याचा मोह होतो; तो आवरावा. मार्टिन फाउलर यांनीं ऑस्ट्रेलियांतील अरण्यांत वडाच्या जातीचे कांहीं वृक्ष पाहिले, आणि 2004 सालीं त्यांच्यावरून एका नमुन्यास नांव दिलें. आपल्याकडेहि ताडाच्या डोक्यावर पक्ष्यानें टाकलेलें वडाचें बीं रुजतें, मुळें खालीं सोडतें, ताडास वेढतें, आणि कालांतरानें ताड नाहींसा होऊन वड तेवढा उरतो. मध्यें एकहि दिवस ती जागा उघडी पडत नाहीं. तद्वत् जुन्या प्रोग्रामाच्या पुढें एक देवडी उभारावी. येणाऱ्या मागण्यांपैकीं एकेका प्रकारची मागणी नव्या सेवेकडे वळवावी. आणि जुन्याकडे कांहींच उरलें नाहीं म्हणजे त्यास निरोप द्यावा.

येथवर वाचून, 'मग सर्वत्र सूक्ष्मसेवाच कराव्या' असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. थोडें गणित करून पाहूं. एक सेवा शंभरांपैकीं 99 वेळां उत्तर देते, असें समजा. एका कामास अशा पांच सेवा एकामागून एक लागत असतील, तर पांचहि एकाच वेळीं शाबूत असण्याचें प्रमाण 0.99 चा पांचवा घात, म्हणजे सुमारें 0.951 इतकेंच येतें. तीस दिवसांच्या महिन्याचे 720 तास. एकटी सेवा महिन्यांत सुमारें 7 तास बंद राहील. पांचांची साखळी सुमारें 35 तास! विभागणीनें एकाचा रोग दुसऱ्यास लागत नाहीं हें खरें. पण त्यासाठीं वर सांगितलेले बांध व खटके असावे लागतात. तें पथ्य न पाळतां केलेली विभागणी मूळच्या रोगाहून वाईट. 2023 सालीं अमेझॉनच्या प्राइम व्हिडिओ विभागांतील एका गटानें, चित्र व आवाज यांची गुणवत्ता तपासण्याचें आपलें काम विखुरलेल्या तुकड्यांतून काढून पुन्हा एका प्रोग्रामांत आणलें, आणि त्यायोगें खर्च 90 टक्क्यांहून अधिक उतरला असें जाहीर केलें. औषध चांगलें असलें, तरी तें रोग्यासच द्यावयाचें असतें.

म्हणून ही विद्या शिकूं इच्छिणाऱ्या बालमित्रांस आमची एक सूचना आहे. नमुन्यांचीं नांवें पाठ करूं नका. प्रत्येक नमुन्यास चार प्रश्न विचारा : अडचण कोणती ? ती कोणत्या परिस्थितींत येते ? उपाय काय ? आणि त्या उपायाची किंमत काय ? पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें सर्व पुस्तकांत सांपडतात. चौथ्याचें उत्तर बहुधा स्वतःच्या फजितींतून मिळतें.

वाचक विचारतील, मग यंदाच्या आनंदबाजारास तुम्हीं काय केलें ? आम्हीं सूक्ष्मसेवा केल्या नाहींत. चार विद्यार्थी, एक संगणक आणि एक दिवस, एवढ्यासाठीं त्यांची गरज नव्हती. चित्रांचें काम तेवढें वेगळ्या संगणकावर नेलें. बाकीचा प्रोग्राम एकच ठेवला, परंतु त्याच्या आंत बांध घातले. आणि प्रत्येक विक्रीस एक क्रमांक दिला. दुपारीं चित्रांचा संगणक पुन्हा एकदां थकून बसला. पालक थोडे कुरकुरले. वडापावाची खिडकी मात्र चालूच होती. तेथें रांगेंत गेल्या वर्षींचा तोच मुलगा उभा होता. आतां तो सहावींत गेला आहे. दुकानावरच्या विद्यार्थ्याकडून याहि वेळीं घाईंत कळ दोनदां दाबली गेली. त्या मुलानें पडद्याकडे बारकाईनें पाहिलें, उरलेली शिल्लक बोटांवर मोजून घेतली, आणि कांहीं न बोलतां आपला वडापाव घेऊन तो निघून गेला. आम्हांस त्याहून मोठें प्रशस्तिपत्रक नको होतें.